घोस्ट मारायचा की ढगात सोडायचं?

मे महिन्याची सुट्टी. होस्टेलमध्ये मोजून अकरा डोकी, मेस फक्त दुपारची आणि लॅबमधला एसी बंद. अशा वेळी लॅबचे काका दारात येऊन हाक मारतात, "चला रे दोघं तिघं, घोस्ट मारायचाय." मग आम्ही लुंगी बदलून पॅंट चढवतो आणि जातो. मोबदला म्हणून कटिंग चहा आणि कॅन्टीन उघडं असेल तर वडापाव. गेली दोन वर्षं हे चालू आहे.

यंदा आमच्याबरोबर सेकंड इयरचा एक ज्युनिअर आला. साठ पीसी एकदम काळ्या स्क्रीनवर टक्केवारी मोजायला लागलेले बघून म्हणाला, "दादा, भूत उतरवतायत की चढवतायत?" सगळे हसले. पण पुढचा प्रश्न त्याने असा टाकला की हसू थांबलं. "आता कंपन्यांमध्ये सगळं क्लाउडवरून होतं ना? मशीन चालू केलं, लॉगिन केलं, झालं. मग आपण अजून पेनड्राइव्ह घेऊन का फिरतोय?"

प्रश्न बिनतोड होता आणि वेळही तीच. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅबमधली बरीच मशीन्स विंडोज ११ ला चालत नाहीत. म्हणजे सगळ्या लॅब्ज नव्याने मांडणं आलंच. स्टाफरूममध्ये सध्या दोन पार्ट्या आहेत असं ऐकतो. एक म्हणते, इमेज सर्व्हर भंगारात काढा, सगळं क्लाउडवर न्या. दुसरी म्हणते, चाललंय ते चालू द्या. माझं मत दोन्ही पार्ट्यांना आवडणार नाही, म्हणून ते छापून आलेलं बरं!

आधी भुताची गोष्ट

घोस्ट हे मुळात एका सॉफ्टवेअरचं नाव. १९९५ च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या बायनरी रिसर्च नावाच्या कंपनीत ते तयार झालं. १९९८ मध्ये सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली आणि पुढे ते 'नॉर्टन घोस्ट' म्हणून जगभर पोचलं. नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ मध्ये बंद झाली. पण नाव काही मेलं नाही. कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो ना, तसं. आज आमच्या लॅबमध्ये क्लोनझिला चालतं. ते तैवानमध्ये तयार झालेलं आणि फुकट आहे. तरी काकांच्या तोंडी 'घोस्ट मार' हेच.

काम काय? पेणच्या गणपतींच्या कारखान्यात जसं चालतं तसंच. एक मूर्ती मन लावून घडवायची, तिचा साचा काढायचा आणि मग साच्यातून पाहिजे तेवढ्या मूर्ती. आपण एका पीसीवर विंडोज, कंपायलर, मॅटलॅब, ऑटोकॅड, प्रिंटरची सेटिंग्ज असं सगळं नीट बसवतो. मग अख्ख्या डिस्कची एक मोठी फाइल करतो. तिला म्हणायचं इमेज. ती फाइल बाकीच्या मशीन्सवर उतरवली की साठही पीसी हुबेहूब एकसारखे.

क्लाउडवाल्यांची पद्धत वेगळी. ती समजायला होस्टेलमधला पहिला दिवस आठवा. ट्रंक घेऊन तुम्ही गेटवर उभे. रेक्टरच्या ऑफिसात यादी. यादीत नाव सापडलं की रूम नंबर, किल्ली, मेसचं कार्ड आणि नियमांचा कागद मिळतो. कपडे-अंथरूण तुम्ही आणलेलंच असतं, वर्तन कसं ठेवायचं ते होस्टेल सांगतं. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये आणलेलं ऑटोपायलट अगदी असंच काम करतं. नवीन लॅपटॉप कारखान्यातून विंडोज घेऊनच येतो. विकणारा त्याची हार्डवेअरची खूण कंपनीच्या यादीत आधीच टाकून ठेवतो. माणसाने बॉक्स उघडायचा, नेट जोडायचं, ऑफिसच्या ईमेलने लॉगिन करायचं. लॅपटॉप वर विचारतो, "मी कोणाचा?" वरून उत्तर येतं, "तू आमचा. हे तुझे नियम, ही तुझी सॉफ्टवेअर्स." इंट्यून नावाची सेवा मग एकेक वस्तू खाली पाठवत राहते. ॲपल आणि क्रोमबुकवाल्यांकडेही याच जातीच्या सोयी आहेत.

एका बाजूला साचा, दुसऱ्या बाजूला यादी. आता कोणतं चांगलं? थांबा, आधी हिशेब मांडू. इंजिनिअर ना आपण!

हिशेब

समजा लॅबची इमेज दाबून दाबून ४० जीबी झाली. लॅबमधलं नेटवर्क गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला साधारण १०० एमबी धरा. एका पीसीला ४०० सेकंद, म्हणजे सात मिनिटांच्या आत. साठ पीसींना एकामागोमाग पाठवलं तर ४०० मिनिटं, पावणेसात तास. पण इथे मल्टिकास्टची गंमत आहे. कल्याण स्टेशनवर घोषणा होते तेव्हा प्रत्येक प्रवाशाच्या कानात जाऊन सांगत नाहीत. एकदाच सांगतात, फलाटावरचे सगळे ऐकतात. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर ४० जीबी एकदाच बोलतो आणि साठही पीसी ऐकतात. जुन्या हार्ड डिस्क हळू लिहितात, एखादं मशीन मध्येच रुसतं, हे सगळं धरून आमचं काम तासाभरात उरकतं.

आता तेच क्लाउडवरून. कॉलेजची लाइन १०० एमबीपीएसची धरली तर सेकंदाला साडेबारा एमबी. विंडोज आधीपासून आहे असं मानू आणि प्रत्येक पीसीला फक्त १० जीबीची सॉफ्टवेअर्स लागतात असं धरू. साठ पीसींचे झाले ६०० जीबी. भागाकार करा. ४८,००० सेकंद, म्हणजे तेरा तास वीस मिनिटं. आणि मेकॅनिकलची लॅब असेल, ४० जीबीची अवजड सॉफ्टवेअर्स असतील, तर त्रेपन्न तासांवर. तेही होस्टेलमधलं कोणी मॅच बघत नाही असं धरून. हे धरणं किती शास्त्रीय आहे ते तुम्हीच ठरवा!

पण हिशेब प्रामाणिक हवा. एका मशीनने उतरवलेलं शेजारच्या मशीनला देण्याची सोय विंडोजमध्ये आहे. ती नीट लावली तर बाहेरून येणारा बोजा बराच घटतो. आणि मुख्य म्हणजे हा हिशेब साठ मशीन्स एका खोलीत आहेत म्हणून असा येतो. तीच साठ मशीन्स साठ घरांत असती तर? मग काकांनी साठ घरी जायचं की प्रत्येकाने आपापल्या घरच्या नेटवर १० जीबी उतरवायचे? तिथे क्लाउडला तोड नाही.

मार्च २०२० चा धडा

आपल्या भागात तर हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही मुंबईची झोपायची खोली. घर इथे, ऑफिस बीकेसीला नाहीतर ऐरोलीला. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या आणि ऑफिस एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला अशी फाळणी झाली. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये एका शेजाऱ्यांचा ऑफिसमधला अख्खा डेस्कटॉप टेम्पोतून आला होता, मॉनिटर चादरीत गुंडाळून. ठाण्यात घोडबंदर आणि पोखरण रोडवर मोठी ऑफिसं असलेल्या टीसीएसने एप्रिल २०२० मध्ये तर जाहीर केलं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांनी ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही. पुढे हवा बदलली आणि २०२३ मध्ये त्यांनीच लोकांना ऑफिसात परत बोलावलं, तो भाग वेगळा.

त्या दिवसांत ज्या ऑफिसचं सगळं इमेजवर अवलंबून होतं त्यांची पंचाईत झाली. इमेज सर्व्हर बंद ऑफिसात आणि लॅपटॉप डोंबिवली पूर्वेला चौथ्या मजल्यावर. मशीन बिघडलं की ते कुरिअर करा, नाहीतर फोनवरून दोन तास 'आता एफ-टू दाबा' करा. ज्यांनी यादीची पद्धत लावून ठेवली होती त्यांचा लॅपटॉप दुकानातून थेट घरी गेला. मधल्या कोणी बॉक्सही उघडला नाही. एक माणूस, एक लॅपटॉप, आणि तो माणूस फिरता. अशा ठिकाणी क्लाउड हवाच, हे मी बिनशर्त मान्य करतो.

पण लॅबमधला पीसी एका माणसाचा नाही. सकाळी इलेक्ट्रॉनिक्सची बॅच, दुपारी आयटीची, संध्याकाळी कोणाचा तरी प्रोजेक्ट. तो जागचा हलत नाही. आणि प्रॅक्टिकल एक्झामच्या दिवशी सकाळी दहाला सगळ्या साठांवर तीच आवृत्ती, तोच डेटाबेस, तेच कंपायलर लागतं. महापालिकेची खिडकी अशीच. कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नागरी सुविधा केंद्र काढून दाखले आणि कर संगणकावर आणले. नंतर राज्यातल्या इतर पालिकांसाठी तोच नमुना घेतला गेला. त्या खिडकीवरचा पीसी बसला तर मागे रांग लागते. रांगेतल्या आजोबांना 'वरून सॉफ्टवेअर येतंय, थांबा' म्हणून बघा! अशा खुर्चीला बांधलेल्या मशीनला अर्ध्या तासात उभं करणारा साचाच बरा.

त्यात आणखी एक ग्यानबाची मेख आहे. अमुक एका माणसाचं नसलेलं, सामायिक मशीन ऑटोपायलटने आपोआप उभं करायचं तर त्यात टीपीएम २.० ची चिप असावी लागते. आपली जी जुनी मशीन्स विंडोज ११ ला अडली, त्यांतली बरीच याच चिपपायी नाहीतर जुन्या प्रोसेसरपायी अडली. म्हणजे ज्या लॅबला मदतीची सर्वांत जास्त गरज, तिथेच क्लाउडचं दार बंद. शिवाय इंट्यूनची वर्गणी दरवर्षी भरायची. क्लोनझिलाचं बिल येत नाही.

साच्यातली घाण

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो. 'चाललंय ते चालू द्या' म्हणणाऱ्यांनी जरा खुर्ची घट्ट धरा.

आम्ही फर्स्ट इयरला असताना इमेज बनवलेल्या मास्टर पीसीवर कुठल्यातरी सिनिअरचं फोल्डर राहून गेलं. नाव 'फायनल सबमिशन नक्की फायनल'. साच्यातच राहिलं म्हटल्यावर ते साठही पीसींवर उतरलं. पुढे जर्नल तपासताना सात ग्रुप्सच्या प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी एकच स्पेलिंग चुकलेलं निघालं. त्याच इमेजमध्ये ब्राउझरमध्ये साठवलेला एक पासवर्डही होता. तो कोणाचा ते सांगत नाही, पण त्या माणसाच्या मेलमधून वर्षभर हॅपी बर्थडेची भेटकार्डं जात होती. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. ऑफिसात हेच झालं तर त्याला हसत नाहीत, माहितीची गळती म्हणतात.

दुसरं, इमेज शिळी होते. जूनमध्ये काढलेली इमेज जानेवारीत मारली तर सात महिन्यांची अपडेट्स थकलेली. साठ मशीन्स एकदम ती ओढायला लागतात आणि मग नेट कुठे गेलं म्हणून सगळे रेक्टरांकडे. तिसरं, साचा एका मूर्तीचा. नवीन मॉडेलच्या मशीनवर जुनी इमेज मारली की स्टोरेजचा ड्रायव्हर सापडत नाही आणि निळी स्क्रीन येते.

आणि चौथं, शॉर्टकट. विंडोज स्वतःसाठी एक ओळख क्रमांक तयार करते, त्याला एसआयडी म्हणतात. क्लोन करण्याआधी सिसप्रेप नावाची गोष्ट चालवली की प्रत्येक मशीन स्वतःचा नवीन क्रमांक बनवतं. मायक्रोसॉफ्ट पहिल्यापासून हेच सांगत आली. पण सिसप्रेपमध्ये वेळ जातो, सेटिंग्ज बिघडतात, म्हणून कित्येक जण ते गाळायचे. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रुसिनोविच यांनी लिहिलं की एकसारख्या एसआयडीने फारसं काही बिघडत नाही. झालं, गाळणाऱ्यांना देव पावला. पुढची सोळा वर्षं खरंच फारसं काही बिघडलं नाही. मग ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या विंडोज ११ च्या नव्या अपडेट्सनी तपासणी कडक केली आणि एकसारखे क्रमांक असलेली मशीन्स एकमेकांना ओळख दाखवेनात. शेअर केलेलं फोल्डर उघडेना, रिमोट लॉगिन होईना. सोळा वर्षांनी केटी लागावी तसं! यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने सांगितलं तेही जुनंच, मशीन पुन्हा नीट पद्धतीने बांधा.

खरा आजार यातल्या प्रत्येक गोष्टीत एकच आहे. इमेजच्या आत काय आहे ते कोणालाच धड माहीत नसतं. कोणीतरी कधीतरी बनवली, त्यावर कोणीतरी काहीतरी बसवलं, परत इमेज काढली. आजीच्या गोधडीसारखे थरावर थर.

पण यादी तरी शुद्ध असते का? मागच्या डिसेंबरात मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत इंटर्नशिप केली. सगळं क्लाउडवर, झकास. माझ्याबरोबर जॉइन झालेल्या एका मुलीच्या लॅपटॉपची खूण विकणाऱ्याने यादीत टाकलीच नव्हती. तिने बॉक्स उघडला, लॅपटॉप सुरू केला आणि तो आपला घरगुती लॅपटॉपसारखा 'नमस्कार, तुमचं नाव काय' विचारत बसला. तक्रार नोंदवली, ती दुसऱ्या शहरातल्या टीमकडे गेली, तिथून तिसऱ्या. तीन दिवस ती मुलगी नुसती कॉफी पीत बसली. मशीनला काहीही झालं नव्हतं. हात लावून ते दुरुस्त करू शकेल असा माणूस त्या इमारतीत नव्हता, एवढंच. काकांना बोलावलं असतं तर तासात सुटला असता प्रश्न, हा विचार तेव्हा मनात आला तो अजून गेलेला नाही.

उरणची रात्र आणि घानाचं भारनियमन

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला या सगळ्या वादाच्या मुळाशी वाटते. २७ जून २०१७. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला आणि काही तासांत मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या मशीन्समध्ये शिरला. त्याची झळ थेट आपल्या शेजारी बसली. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्कच्याच गटातली एपीएम टर्मिनल्स चालवत असलेलं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर समोर दिसतायत, पण कोणता कुठे जायचा ते सांगणारा कॉम्प्युटर गप्प.

मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हेगमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं की दहा दिवसांत त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. पंचेचाळीस हजार! आपल्या लॅबच्या साडेसातशे पट. पण त्याआधी एक पेच होता. नेटवर्कमध्ये कोण आपलं आणि कोण परकं ही यादी सांभाळणारे सर्व्हर असतात, डोमेन कंट्रोलर. मर्स्कचे असे दीडशेच्या आसपास होते आणि ते एकमेकांच्या नकला ठेवत. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. पण व्हायरसने सगळेच एकदम पुसले. अँडी ग्रीनबर्ग या पत्रकाराने २०१८ मध्ये वायर्ड मासिकात पुढची कथा दिली आहे. शेवटी आफ्रिकेतल्या घानामध्ये एक सर्व्हर धडधाकट सापडला. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवरच नव्हता!

२००० च्या दशकात मुंबई झगमगत असायची आणि आमच्या कल्याण-डोंबिवलीत तासन् तास भारनियमन चालायचं, ते घरातली मोठी माणसं अजून दात-ओठ खात सांगतात. वीज गेल्याबद्दल देवाचे आभार मानावेत असा प्रसंग मात्र मी हा एकच ऐकला. पुढची गंमत बघा. घानाच्या ऑफिसातलं नेट इतकं बारीक की तो डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तेव्हा एक माणूस हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियात गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन लंडनला पोचला. जगातली एवढी मोठी कंपनी, आणि शेवटी कामी आली ती हातात धरलेली डिस्क.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज मशीन्स निळी पडली. आपल्याकडच्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते फोटो तुम्ही पाहिले असतील. ती मशीन्सही ढगातून आलेल्या आज्ञेनेच पडली होती. पण उठवताना ढगाचा बहुतेक ठिकाणी उपयोग झाला नाही, कारण जे मशीन सुरूच होत नाही ते वरून काय सांगतायत ते ऐकणार कसं? माणसांना मशीनपाशी जावं लागलं, सेफ मोडमध्ये शिरून एक फाइल पुसावी लागली.

म्हणून मला वाटतं 'इमेज की क्लाउड' हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातोय. विचारायला हवं ते असं: उद्या सकाळी सगळी मशीन्स कोरी झाली, नेट बंद आहे आणि काका रजेवर आहेत. तर आपण लॅब परत उभी करू शकतो का, आणि किती वेळात?

मग करायचं काय?

माझ्या मते आपल्या कॉलेजपुरतं उत्तर असं आहे. लॅबमध्ये साचा ठेवा, पण बारीक. इमेजमध्ये विंडोज, ड्रायव्हर आणि सगळ्यांना लागणारी चार सॉफ्टवेअर्स, बस्स. बाकीचं स्क्रिप्टने वरून बसवा. म्हणजे मॅटलॅबची आवृत्ती बदलली म्हणून अख्खी इमेज बदलायला नको. सिसप्रेप गाळायचं नाही, घाई असली तरी.

प्राध्यापकांचे आणि ऑफिसचे लॅपटॉप क्लाउडच्या यादीवर टाका. सर घरी नेतात, परिषदेला नेतात, टॅक्सीत विसरतात. हरवलेला लॅपटॉप दुरून पुसता येणं ही चैन नाही, प्रश्नपत्रिका त्यावरच असतात!

विंडोज ११ न चालणाऱ्या मशीन्सवर लिनक्स टाका. सी, पायथन, डेटाबेस, नेटवर्किंग यातलं काहीही त्यावाचून अडत नाही. लिनक्समध्ये तर मशीन कसं बांधायचं ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवता येतं. ती फाइल वाचली की आत काय आहे ते कळतं. गोधडी नाही, पाककृती.

आणि पाककृती हाच माझा मुख्य मुद्दा. पद्धत कोणतीही असो, मशीन कसं बांधलं ते लिहिलेलं पाहिजे. आज ते सगळं काकांच्या डोक्यात आणि एका जुन्या डायरीत आहे. काका येत्या काही वर्षांत रिटायर होतील. त्या दिवशी कॉलेजचा सगळ्यात महागडा सर्व्हर घरी जाईल आणि निरोप समारंभात आपण त्याला शाल-श्रीफळ देऊ.

इमेज आणि पाककृतीची एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक कॉलेजबाहेर ठेवा. सर्व्हर रूम तळमजल्यावर आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापूरच्या घरांत शिरलं होतं, ते विसरलेली माणसं इथे फार सापडणार नाहीत. त्या बाहेरच्या प्रतीसाठी क्लाउड वापरा की, कोण नको म्हणतंय!

शेवटचं, दर सुट्टीत एकदा रंगीत तालीम. नेटची वायर काढून ठेवायची, एक पीसी पूर्ण पुसायचा आणि फक्त लिहिलेल्या कागदावरून तो परत उभा करायचा. काकांनी मागे हात बांधून उभं राहायचं, बोलायचं नाही. कागदात जिथे अडेल तिथे कागद सुधारायचा. या कामाला थर्ड इयरची मुलं घ्या आणि रीतसर सर्टिफिकेट द्या.

एक आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय. "इंटरव्ह्यूला इंट्यून विचारतात, क्लोनझिला कोण विचारतं?" खरं आहे. आपल्यातले कित्येक जण पहिल्या नोकरीत ठाण्यातल्या नाहीतर ऐरोलीतल्या एखाद्या सपोर्ट टीममध्येच लागणार आणि तिथे पोर्टलच समोर असणार. ते शिकायलाच हवं. पण पोर्टलवर क्लिक कुठे करायचं ते दोन आठवड्यांत कोणीही शिकतं आणि दोन वर्षांत ते पोर्टल बदलतं. मशीन चालू केल्यापासून लॉगिन येईपर्यंत आत काय काय घडतं, हे ज्याने साठ काळ्या स्क्रीन्ससमोर उभं राहून पाहिलंय त्याला पोर्टल बदललं तरी फरक पडत नाही. वागळे इस्टेटमधल्या त्या ऑफिसला असाच एक माणूस कमी पडला होता.

ज्युनिअरला मी त्या दिवशी एवढं सगळं बोललो नाही. तेवढ्यात सदतीस नंबरचा पीसी ६२ टक्क्यांवर अडला होता. काकांनी त्याच्या हातात नेटवर्कची केबल दिली आणि म्हणाले, "बघ रे, खालच्या सॉकेटमध्ये सैल आहे." तो टेबलाखाली शिरला, खटकन आवाज आला, आणि टक्केवारी पुन्हा हलायला लागली. बाहेर आला तेव्हा केसांत जळमटं होती आणि चेहऱ्यावर जे हसू होतं ते लॉगिन केल्याने येत नाही.

पटलं तर लॅबमध्ये या. नाही पटलं तरी या, वाद घालू. दिवाळीच्या सुट्टीत लॅब नंबर तीन करायची आहे आणि हात कमी पडतायत. वडापाव काकांकडून!